"इथपर्यंत बरोबर" – बाईंना सांगायचं राहून गेलंय

वाशिष्ठीकाठ

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा आईच्या घरात छातीएवढं पाणी होतं. आईला शेजाऱ्यांनी वरच्या मजल्यावर नेलं होतं म्हणून ती सुखरूप राहिली. रस्ते सुरू झाल्यावर भाऊ आणि मी चिखल काढायला पोचलो. माळ्यावर चढवायची राहून गेलेली एक पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात माझ्या शाळेच्या वह्या. सगळ्या भिजून एकमेकींना चिकटलेल्या. शाईपेनाने लिहिलेलं सगळं पसरून पानं निळसर झाली होती, एक अक्षर लागत नव्हतं.

आठवीच्या बीजगणिताच्या वहीचं एक पान मात्र सुटं निघालं. माझं गणित पुसून गेलं होतं, पण बाईंच्या रंगीत पेन्सिलीची खूण जशीच्या तशी होती. एक बारीक उभी रेघ आणि तिच्याशेजारी "इथपर्यंत बरोबर".

आमच्या वेळी शिक्षकांकडे लाल-निळी पेन्सिल असायची, एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळी. सातवीपर्यंत माझ्या वहीत फक्त लाल टोक फिरलं. उत्तर चुकलं की पूर्ण उदाहरणावर आडवी फुली, खाली "लक्ष कुठे असते?" सातवीच्या शेवटी शेवटी मी गणितं सोडवायचीच बंद केली होती. जागा कोरी सोडायचे. कोऱ्या जागेवर कुणी फुली मारत नाही.

आठवीत या बाई आल्या. कंसाबाहेर वजा असेल तर कंस सोडवताना आतली चिन्हं बदलतात, हे मी हमखास विसरायचे. बाई माझ्या पाच-सहा ओळी वाचत खाली यायच्या आणि जिथे चिन्ह चुकलंय तिथे निळ्या टोकाने उभी रेघ मारायच्या. "इथपर्यंत बरोबर". बास. उत्तर लिहून द्यायच्या नाहीत, रागवायच्याही नाहीत. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मी वही घेऊन बाकावर बसून राहिले होते. माझ्या गणितात काहीतरी बरोबर असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग रेघेच्या पुढचं मी स्वतः शोधायला लागले.

आज मी पुण्यात हिशेबाचं काम करते. हाताखाली नवी मुलं येतात. ट्रायल बॅलन्स टॅली होत नाही म्हणून रडवेली होतात. मी त्यांचं काम वरून खाली वाचत येते आणि चूक जिथे सुरू झाली त्याच्या वर पेन्सिलने रेघ मारते. तोंडातून आपसूक निघतं, इथपर्यंत बरोबर आहे गं. ही माझी पद्धत नाही, बाईंची आहे, आणि हे बाईंना माहीतच नाही.

दहावी होऊन तीस वर्षं उलटली. ते पान मी प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये ठेवलंय. बाईंना शोधून सांगावं असं फार वाटतंय, पण पाय अडतोय. मी हुशारही नव्हते आणि खोडकरही नव्हते, मधल्या बाकावरची मुलगी. त्यांना मी आठवणारच नाही. मग एक अनोळखी बाई दारात उभी राहून काय बोलणार? तुमच्यापैकी कुणी असं गेलंय का? काय बोललात? आणि ज्यांचं राहून गेलं, त्यांनीही लिहा.

रानजाई

जा. उद्याच जा.

माझे इंग्रजीचे सर गेल्या वर्षी गेले. दोन वर्षं मी दर दिवाळीला ठरवत होते, या खेपेला जायचं. त्यांचं घर माझ्या सासरच्या वाटेवर होतं, एसटी त्यांच्या दारावरून जाते. मी खिडकीतून बघायचे, सर पडवीत खुर्चीवर बसलेले दिसायचे. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

बालाघाटी

ताई, मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडं दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला नवराबायको दोघं जोडीनं जातात, जोडीला कोयता म्हणतात. पोरंबी संग जातात. शाळेच्या पटावर नाव असतं, पोरगं असतं कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हंजे झोपडीत. उन्हाळ्यात माघारी येईपर्यंत वाचायचं विसरून गेलेलं असतं. आता हंगामी वसतिगृहं निघाली, मी तिसरीत होतो तेव्हा आमच्या वस्तीवर तसलं काही नव्हतं.

आमच्या शाळेत दोन गुर्जी. त्यातले एक दसऱ्याच्या आधी घरोघर फिरायचे. माझ्या बापाला म्हणाले, पोरगं आजीपाशी ठेवा, मी बघतो. बाप म्हणाला, त्याची माय तिकडं जीव टाकील. गुर्जी म्हणाले, दर आठवड्याला त्याचं पत्र येईल.

आणि खरंच यायचं. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी गुर्जी गावात राहिलेल्या आम्हा सात पोरांना एकेक पोस्टकार्ड द्यायचे. पत्ता ते स्वतः घालायचे, कारखान्याचं नाव आणि खाली "अमुक मुकादमाची टोळी". मजकूर आमचा. मी पहिल्या कार्डावर लिहिलं होतं, "आई शेळी बरी आहे". तेवढंच आलं मला. दिवाळीनंतर चार ओळी यायला लागल्या. संक्रांतीला पूर्ण कार्ड भरलं आणि जागा पुरली नाही म्हणून मी पत्त्याच्या बाजूला लिहायला लागलो, तर गुर्जींनी दुसरं कार्ड दिलं. कार्डाचे पैसे त्यांच्या खिशातले. आईला वाचता येत नव्हतं, टोळीतला एक शिकलेला पोरगा वाचून दाखवायचा. ती सगळी कार्डं तिनं साखरेच्या पोत्याच्या कापडात बांधून माघारी आणली. अजून आहेत.

मी आज तलाठी आहे. नेमणुकीचा आदेश हातात पडला त्या दिवशी पोस्टात जाऊन एक कार्ड घेतलं आणि गुर्जींना धाडलं. फोन नंबर होता तरी कार्डच धाडलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. वरती अभिनंदन, आणि खाली माझ्या कार्डातल्या दोन ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दुरुस्त करून लिहिलेल्या. ते कार्ड माझ्या दप्तरात कायम असतं.

तुम्ही काय बोलायचं याचा घोर करू नका. ते पान घेऊन जा.

लिटमस

सगळ्यांचे अनुभव असे नसतात, म्हणून लिहितोय. शिक्षक म्हटलं की हात जोडायचे, हे मला जमत नाही.

आमच्या शाळेत महिन्याच्या दहा तारखेला वर्गशिक्षक फी न भरलेल्यांची नावं मोठ्याने वाचायचे. नाव आलं की उभं राहायचं, तास संपेपर्यंत. वडिलांची गिरणी बंद पडलेली, त्यामुळे मी वर्षभर उभा होतो. शिकवत असायचे आणि मी उभा. माझ्या मागच्याला फळा दिसायचा नाही, म्हणून मग मला शेवटच्या बाकाशी उभं केलं. ते सर पुढे भेटले एका लग्नात, सगळे वाकून नमस्कार करत होते. मी नाही केला आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. शिक्षकाचा परिणाम आयुष्यभर टिकतो हे खरंच आहे, दोन्ही बाजूंनी.

ज्यांचे उपकार मी मानतो ते शिक्षक नव्हतेच. प्रयोगशाळेचे मामा. प्रयोगशाळा परिचर. तासाला उभा राहून राहून मी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत जाऊन बसायचो. मामा बाटल्या धुवायचे. एकदा म्हणाले, बसलायस तर हे धर. पिपेट हातात दिली. अंगठ्याने नाही, पहिल्या बोटाने तोंड बंद करायचं, आणि द्रावाची पातळी वाचताना डोळा त्याच पातळीत आणायचा, वरून बघायचं नाही. हे मामांनी शिकवलं. दोन वर्षं रोज अर्धा तास. मी औषधांच्या कंपनीत केमिस्ट झालो. नवीन कुणी वरून वाकून रीडिंग घ्यायला लागला की मला मामांचा हात आठवतो, ते हनुवटीला धरून डोकं खाली करायचे.

मामा निवृत्त झाल्यावर मी त्यांना शोधून काढलं. दारात मला बघून घाबरले. शाळेतून आलोय म्हटल्यावर त्यांना वाटलं जुन्या सामानाची काही चौकशी निघाली. त्यांचे आभार मानायला कुणी येईल असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांच्या बायकोने शेजारच्यांना बोलावून आणलं, हे बघा, ह्यांचा विद्यार्थी आलाय. "ह्यांचा विद्यार्थी". मामा खाली बघत बसले होते.

सत्तरीकार

गोव्याहून. आमच्या सत्तरी तालुक्यात वाड्यावाड्यावर सरकारी मराठी प्राथमिक शाळा होत्या, एका खोलीत चार इयत्ता आणि एकच बाई. पट घटत गेला तशा बऱ्याच बंद झाल्या. आमचीही झाली. बाई आता वाळपईच्या बाजूला राहतात. आम्ही नऊजण गेल्या चतुर्थीला गेलो तेव्हा बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "शाळेच्या दाराकडली चाफ्याची फांदी कोणी तोडली?" कोणी सांगितलं नव्हतं इतकी वर्षं. मी कबूल केलं. माझ्यासाठी ते आभार मानण्यासारखंच होतं.

हजेरीपट

मी ३६ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, आता निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. दुसऱ्या बाजूचं थोडं सांगते.

धागा काढणाऱ्या ताई, बाईंना तुम्ही आठवणार नाही हे तुम्ही धरूनच चला. माझ्या हाताखालून हजारभर मुलं गेली असतील. तुम्ही आमच्या मनात आठवी-दहावीच्या वयाचीच राहता, आणि दारात उभी राहते केस पांढरे होऊ लागलेली बाई. ओळखणार कसं? त्याचं दुःख मानू नका. माझ्याकडे एक माजी विद्यार्थी आला, मला तो अजिबात आठवेना. त्याने सांगितलं, तुम्ही मला एकदा शाळेतच झोपू दिलं होतं, अंगात ताप होता, तुमची शाल घातली होती. मला तो प्रसंगही आठवला नाही. पण ती शाल आठवली. मग आम्ही दोघं त्या शालीबद्दलच बोललो.

पाच सप्टेंबरला मोबाइलवर शंभर शुभेच्छा येतात, फुलांची चित्रं, गुरूवरचे श्लोक. आनंद होतो, नाही असं नाही. पण त्या कुणालाही पाठवता येतात. शाल-श्रीफळ तर घरात ठेवायला जागा नाही. आमच्यासाठी काही आणायचंच असेल तर असा एखादा प्रसंग आणा, जो फक्त तुम्हाला माहीत आहे. तुम्ही सांगितल्याशिवाय आम्हाला तो कळायचा दुसरा मार्गच नाही. पीक कसं आलं ते शेतकऱ्याला दिसतं, आमची मुलं दाखला घेऊन जातात आणि मग काही कळत नाही.

आणि एक सांगते, हे सहसा कुणी बोलत नाही. जी मुलं पुढे गेली ती मला रात्री आठवत नाहीत. जी मधेच शाळा सोडून गेली ती आठवतात. सहावीतली एक मुलगी, तिचं लग्न ठरलंय हे मला सोमवारी कळलं आणि लग्न रविवारी होऊन गेलं होतं. तुमच्या बाईंच्याही मनात अशी कुणीतरी असेल. त्या बोलल्या तर ऐकून घ्या.

शोधायचं कसं: शाळेच्या कार्यालयात क्लार्कला फोन करा, निवृत्तांचे पत्ते त्यांच्याकडे किंवा पेन्शनच्या कामामुळे जुन्या सहकाऱ्यांकडे असतात. जायच्या आधी फोन करा. दुपारी चारनंतर जा.

पानोपानी

लिटमस यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. तो इथे आला हे बरं झालं.

राहून जाण्यावरून बाबासाहेबांची गोष्ट आठवली. त्यांना घडवणाऱ्यांत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी तर आपल्याला माहीत आहेत. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा मुलगा त्यांच्या नजरेत भरला, १९०७ ला भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं मराठी चरित्र भेट दिलं, आणि पुढे कॉलेजसाठी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती त्यातून मिळाली. अनेक वर्षांनी बुद्धावर लिहिताना बाबासाहेबांनी त्या भेटीची आठवण प्रस्तावनेत नोंदवली.

दुसरे होते अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे प्राध्यापक जॉन ड्यूई. बाबासाहेब १९१३ ते १९१६ तिथे होते. १९५२ च्या जूनमध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना मानद पदवी द्यायला बोलावलं. ड्यूईंना भेटायची त्यांना ओढ होती. ते विमानप्रवासात असतानाच ड्यूई गेले. बाबासाहेबांनी पत्नी माईसाहेबांना पत्रात लिहिलं की माझं सगळं बौद्धिक आयुष्य मी त्यांचं देणं लागतो. जवळजवळ चाळीस वर्षांनी भेट होणार होती, आणि काही दिवसांनी चुकली.

उलट गोष्ट फ्रेंच लेखक आल्बेर कामूची. अल्जीरियातल्या गरीब वस्तीतला मुलगा, वडील पहिल्या महायुद्धात गेलेले, आई निरक्षर. लुई जेर्मां या प्राथमिक शिक्षकांनी त्याला शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी फुकट शिकवलं आणि कामाला लावायला निघालेल्या आजीची समजूत घातली. आपल्याकडच्या स्कॉलरशिपच्या जादा तासांसारखंच. १९५७ ला नोबेल जाहीर झालं, गडबड ओसरल्यावर महिन्याभराने कामूने जेर्मांना पत्र लिहिलं. आईनंतर पहिली आठवण तुमची आली, असं त्यात आहे. एप्रिल १९५९ मध्ये जेर्मांनी त्याला लांबलचक पत्र धाडलं. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी १९६० मध्ये, कामू मोटार अपघातात गेला. म्हणजे वय झालेल्या शिक्षकांचीच घाई आहे असं नाही, आपलीही आहे.

वाशिष्ठीकाठ

जाऊन आले.

क्लार्कने सहकारी बाईंचा नंबर दिला, त्यांनी बाईंचा. बाई देवरुखला लेकाकडे असतात. फोनवर म्हणाल्या, "ये की, पण आमची सोलं चालू आहेत." चार वाजता पोचले तेव्हा त्या अंगणात आमसुलं करत होत्या, रातांब्याच्या साली आगळात म्हणजे त्यांच्याच रसात बुडवून परत उन्हात पसरत होत्या. मला बघून म्हणाल्या, हात धू आणि बस, हे पुट देऊन होऊ दे. मीही बसले. अर्धा तास आम्ही दोघी लाल झालेल्या हातांनी सोलं पसरत होतो. मी कोण, कुठली, हे त्यांनी तोवर विचारलंच नाही. मला वाटतं मी बोलायला घाबरलेय हे त्यांना कळलं होतं.

मी त्यांना आठवले नाही. बाक सांगितला, वर्ष सांगितलं, बहिणीचं नाव सांगितलं. नाही. मग मी पाऊच काढला. बाईंनी हात पदराला पुसले, चष्मा वर सरकवला आणि पान डोळ्यांशी नेलं. म्हणाल्या, "अक्षर माझंच. 'पर्यंत'चा रफार मी असा पुढे ओढते."

मी विचारलं, बाई, अशी रेघ मारायचं तुम्हाला सुचलं कसं? मला वाटलं होतं काहीतरी मोठं सांगतील. त्या सरळ म्हणाल्या, "वर्गात चौसष्ट मुलं. अशा तीन तुकड्या. प्रत्येकाला पूर्ण उदाहरण सोडवून द्यायला वेळ कुठला? रेघ मारली की पुढचं तुम्ही शोधायचात." थोडं थांबून म्हणाल्या, "लाल टोक मात्र मी मुद्दाम वापरायचे नाही. लाल टोक तसंच उरायचं. मग पेन्सिल मधोमध कापून लाल तुकडा मी भूगोलाच्या सरांना द्यायचे, त्यांना नकाशाला लागायचा."

मी पत्र लिहून नेलं होतं, कारण बोलताना रडू येणार हे मला माहीत होतं. आणि आलंच. बाईंनी पत्र सावकाश वाचलं. दीड पान होतं, पण त्यांनी पाच मिनिटं घेतली असतील. मी ऑफिसातल्या मुलांबद्दल लिहिलंय त्या परिच्छेदावर बोट ठेवून विचारलं, "ती मुलं शोधतात का पुढचं?" म्हटलं, शोधतात बाई. "लगेच सांगत नाहीस ना?" नाही सांगत. मान हलवली त्यांनी. पत्राची घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली.

हजेरीपट ताई, तुम्ही लिहिलं होतं तसंच झालं. निघताना बाई म्हणाल्या, तुमच्या तुकडीत खाडीकडून येणारी एक मुलगी होती. कर्कटक न घेता फळ्यावर वर्तुळ काढायची, एका दमात, टोकाला टोक जुळायचं. कर्कटक घ्यायला पैसे नसतील म्हणून मी वर्गाचं दिलं, तर म्हणाली, बाई, नको, मला असंच येतं. नववीत दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. "मी एकदा घरी गेले होते. दाराला कुलूप होतं. परत जायला हवं होतं, ते राहिलं."

मला ती मुलगी आठवते. माझ्या पुढच्या बाकावर होती, वेणीला कायम हिरवी रिबीन. मी तिला इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. नाव इथे लिहीत नाही. १९९२-९३ च्या सुमारास चिपळूणच्या खाडीपट्ट्यातून शाळेत येणाऱ्या मुलींबद्दल कुणाला माहिती असेल तर मला कळवा. बाईंना तिचं काय झालं एवढंच जाणून घ्यायचंय.

रानजाई

माझी मावशी खाडीपट्ट्यात दिली आहे. आज रात्री फोन करते.

बालाघाटी

ताई, शाळेत जनरल रजिस्टर असतं. पोरगं कधी आलं, कधी गेलं, शाळा का सोडली, सगळं त्यात लिहिलेलं असतं. जुनी रजिस्टरं शाळेला जपून ठेवावीच लागतात. नववीच्या वर्षाच्या नोंदी बघायला सांगा. त्यावरनं पुढचा काही पत्ता लागला तर लागंल.

वाशिष्ठीकाठ

हे मला सुचलंच नव्हतं. शाळा पुराच्या पाण्यात होती, पण क्लार्क म्हणाले होते की रजिस्टरं वरच्या मजल्यावर होती. सोमवारी साडेदहाला कार्यालय उघडतं. फोन करते.